टेकडी बोडकी नव्हती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सरसकट रोपं लावणं थांबवावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : 'टेकडी बोडकी होती. ग्लिरिसिडियानं [बाहेरून आणून इथे लावलेलं एक झाड] आणि आमच्यासारख्या लोकांनी ती हिरवी केली. दर रविवारी खांद्यावर पाण्याचे कॅन वाहणाऱ्यांना तुम्ही वेड्यात काढलंत. झाडं नकोत म्हणणारे शेवटी बिल्डरांच्याच सोयीचं बोलतात.' आणि शेवटी एक प्रश्न : 'रोपं लावायची नाहीत, तर दर रविवारी वर जाऊन आम्ही करायचं काय?'

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर मूळ लेखात यायला हवं होतं. ते आलं नाही, ही माझी चूक. पाणी वाहणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. उन्हाळ्यात तो चढ पाच लिटरचा कॅन घेऊन चढणं म्हणजे काय, हे टेकडीवर जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते कष्ट चुकीच्या जागी पडतायत.

आधी 'बोडकी' या शब्दाबद्दल, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तर टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. माथ्यावर आणि उतारांवर बहुतेक ठिकाणी वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा बेसॉल्ट. अशा जमिनीवर निसर्गतः दाट जंगल होत नाही. होतं ते गवत आणि त्यात विखुरलेली झाडं. पावसाळ्यात कुसळी, शेडा, मारवेल, तिखाडी अशी गवतं, आणि मधूनमधून साळई, मोई, गणेर, मेढशिंगी, हिवर, खैर, पळस. फेब्रुवारीत पान नसलेल्या गणेराला पिवळीधमक फुलं येतात, तेव्हा त्या झाडाखालची जमीन पाहा. खडक आणि वाळलेलं गवत. तीच त्याची जागा.

हे रूप माणसानं झाडं तोडल्यामुळेच आलं, असं तुम्ही म्हणाल. तोड झाली, चराई झाली, यात वाद नाही. भांबुर्डा (आजचं शिवाजीनगर) गाव असल्यापासून आजूबाजूच्या वस्त्यांचं सरपण आणि चारा या टेकड्यांनी पुरवला. पण गवताळ रान त्याच्याही फार आधीचं आहे. याचा पुरावा झाडोऱ्यातच दिसतो. इथल्या गवतांना भरपूर उजेड लागतो, सावलीत ती मरतात. खर्चुडीसारख्या छोट्या रानवनस्पती आठ महिने जमिनीखाली कंदात राहतात आणि पावसात उघड्यावर फुलतात. सावलीच्या जंगलात असा झाडोरा तयार होत नाही, आणि शेदोनशे वर्षांच्या तोडीतूनही तो घडत नाही. पश्चिम महाराष्ट्राबद्दलच्या साडेसातशे वर्षांच्या मराठी साहित्यातले आणि लोककथांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासून संशोधकांनी २०२५ साली हेच दाखवलं : जुन्या उल्लेखांतही बाभूळ, पळस, तरटी अशी उघड्या माळरानाची झाडंच जास्त आहेत.

आता बिल्डरांचा मुद्दा. तुमचा आरोप मला लागला, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. 'बोडकी', 'ओसाड', 'पडीक' हेच शब्द टेकडीवर रस्ता आणि इमारत नेऊ पाहणाऱ्यांच्या कामाचे आहेत. जिथे झाड नाही तिथे काहीच नाही, हे एकदा मान्य केलं की 'तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे पाचपट लावू' हे बोलणं पटू लागतं. टेकडीवरून नेऊ पाहत असलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या वादात झाडांची संख्या मोजली गेली. उताराच्या गवतातून पाणी खडकाच्या भेगांत मुरतं आणि पायथ्याच्या झऱ्या-विहिरींना पोचतं, ते कसं मोजणार? १९९७ साली शहरात आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ठेवलं गेलं, तेव्हा त्यामागचा विचार हाच होता, की टेकडी जशी आहे तशीच मोलाची आहे. टेकडीचा बचाव फक्त झाडांच्या आकड्यावर उभा केला, तर आकड्यानंच तो पडतो.

तरीही एक गोष्ट तुमच्या बाजूनं मान्य करतो. वनखात्यानं इथे लागवड केली, लोक येऊ लागले, सकाळ-संध्याकाळ माणसांचा राबता राहिला, म्हणून कडेची अतिक्रमणं आटोक्यात राहिली. ही लागवड झालीच नसती तर आज टेकडी किती उरली असती, हा प्रश्न रास्त आहे. ग्लिरिसिडिया निवडण्यामागेही कारणं होती. हे मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी खोचली तरी जगतं, निकृष्ट मुरमात वाढतं, हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधतं आणि आपल्याकडची गुरं ते सहसा तोडत नाहीत. चराईच्या रानात लावलेलं रोप जगवायचं असेल तर हा शेवटचा गुण फार मोठा. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचंच दुसरं नाव) आजही उत्तम आहे. टेकडीवर मात्र तेच गुण अंगावर आले. पावसाळ्यात, नेमकं गवत वाढायच्या दिवसांत, त्याची दाट सावली पडते आणि गवत विरळ होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये, सावली हवी असते तेव्हा, ते निष्पर्ण असतं. पानगळीनं मातीतला नत्र वाढतो आणि वाढीव नत्रावर इथल्या काटक गवतांपेक्षा तण जास्त माजतात.

'मग तोडून टाका म्हणता का?' नाही. एकदम तोडणं हा सगळ्यांत वाईट मार्ग आहे. ग्लिरिसिडिया बुंध्यापाशी तोडला की त्याच खोडातून पाच-दहा फुटवे येतात आणि दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा दाट झुडूप होतं. शिवाय उतार एकाच वेळी उघडा पडला की माती वाहते. करायचं असेल ते असं : ग्लिरिसिडियाच्या सावलीत आपोआप उगवलेलं हिवर, मोई, पळस, मेढशिंगीचं रोप शोधायचं. अशी बरीच सापडतात, फक्त पावसाळ्यात वाकून बघावं लागतं. त्या रोपाभोवती साधारण पाच बाय पाच मीटरचा मोकळा तुकडा करायचा आणि दोन तुकड्यांमध्ये जुनी झाडं राखायची. पानं पूर्ण फुटल्यावर, म्हणजे जून-जुलैत तोडलं तर झाडानं साठवलेलं अन्न पानांत खर्ची पडलेलं असतं आणि फुटवे कमजोर येतात. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे हातानं मोडायचे, आणि दोन पावसाळे हे सोडायचं नाही. एक महिना चुकला तर वर्षाचं काम वाया.

यात कोयता नागरिकांच्या हातात नसतो, हेही लिहून ठेवतो. टेकडीचा मोठा भाग वनखात्याचा आहे. तिथे फांदी तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. बाकीच्या जागांना शहरी भागातल्या झाडांसाठीचा १९७५ चा कायदा लागू आहे. कोणती झाडं काढायची ते वनखातं ठरवेल आणि काढेल. नंतर दोन वर्षं फुटवे मोडत राहणं हे मात्र कुठल्याही खात्याला मनुष्यबळाअभावी जमत नाही. रविवारी नेमानं येणारा गट तिथे सोन्यासारखा. गटानं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात जागा, काम, महिना आणि माणसांची संख्या स्पष्ट असावी. 'वृक्षसंवर्धन करू इच्छितो' असा मोघम अर्ज फायलीत पडून राहतो. 'अमुक वाटेच्या उजवीकडच्या अर्ध्या एकरावर ऑगस्टचे चार रविवार वीस जण कॉसमॉसचं तण उपटतील' असा अर्ज वाचणाऱ्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

आता लागवडीचा हिशेब. तुम्ही दोनशे रोपांचा उल्लेख केलाय, त्यात वड, पिंपळ, उंबर जास्त. डिसेंबर ते जूनचा मध्य म्हणजे साधारण २८ आठवडे. रोपाला आठवड्याला दहा लिटर धरले तर एका रोपाला एका मोसमात २८० लिटर. दोनशे रोपांना ५६,००० लिटर, म्हणजे पाच लिटरचे ११,२०० कॅन. आणि हे किमान तीन उन्हाळे. इतकं करूनही मर होते, याचं कारण पाण्याची कमतरता हे एकच नाही. मुरमात पहारीनं खोदलेला दीड फुटाचा खड्डा खालच्या कातळावर बादलीसारखा वागतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, आणि तोच खड्डा जानेवारीत आजूबाजूच्या जमिनीच्या आधी सुकतो. पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाची मुळं गोल गुंडाळलेली असतात, ती खड्ड्यातही गोलच फिरत राहतात. कड्यावर आपोआप आलेला वड जोमानं वाढताना दिसतो, कारण त्याचं मूळ बी रुजल्या दिवसापासून खडकाची भेग शोधत खाली गेलेलं असतं. ती भेग खड्ड्यात मिळत नाही. आणि वड जगला तरी? एवढ्या मोठ्या विस्ताराच्या झाडाला मुरमाड माथ्यावर तीस वर्षं खुरटत ठेवण्यात त्याचंही भलं नाही आणि त्याच्याखालच्या गवताचंही नाही.

झाड वाढवायचंच असेल तर खड्डा न खोदता. पळसाची चपटी शेंग मेमध्ये ताजी गोळा करून पहिल्या दमदार पावसानंतर मातीत बोटभर खोल दाबावी. पळसाचं बी फार टिकत नाही, पुढच्या वर्षीसाठी ठेवण्यात अर्थ नाही. हिवराच्या बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून आचेवरून उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेल्यांना पुन्हा एकदा गरम पाणी. एका जागी तीन-चार बिया, आणि जागा कुठली? जिथे आधीच त्या जातीचं मोठं झाड दिसतं त्याच उतारावर, करवंदीच्या किंवा हेंकळाच्या जाळीच्या कडेला. काटेरी जाळी कुंपणाचं काम करते. मोई, साळई, पांगारा हे तर फांदीनं येतात : मनगटाएवढी जाड, दीड मीटर लांब फांदी एप्रिल-मेमध्ये, काप सावलीत चार-पाच दिवस वाळवून, पावसाच्या तोंडाशी हातभर खोल रोवायची. फांदी परवानगीनंच घ्यायची, हे वेगळं सांगायला नको. अशा रोपांना पहिल्या उन्हाळ्यात थोडं पाणी दिलं तर उत्तम, न दिलं तरी काही जगतातच. सीडबॉलबद्दल, म्हणजे आत बी घालून केलेल्या मातीच्या गोळ्यांबद्दल, विचारलं होतंत. वरून फेकलेला गोळा खडकावर पडतो, एका सरीनं ओला होतो, पुढच्या आठ दिवसांच्या उघडिपीत वाळून कडक होतो आणि आतला कोंब जातो. हातानं मातीत सरकवलेली एक बी त्याहून भरवशाची.

आता तुमचा खरा प्रश्न : रविवारी करायचं काय.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत तण. टेकडीचं आजचं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे, आणि हे काम पूर्णपणे हातांचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक ज्या केशरी-पिवळ्या फुलांसोबत फोटो काढतात तो कॉसमॉस परदेशी आहे. तो गवताच्याही वर वाढतो आणि त्याखालची सोनकीसारखी सगळी देशी रानफुलं झाकून टाकतो. त्याच्या बिया लांब, टोकदार, कपड्यांना चिकटणाऱ्या. उपटायचा तो फुलावर येण्याआधी, माती ओली असताना, बुडाशी धरून मुळासकट. फुलं आल्यावर उपटून वाटेच्या कडेला टाकला तर बी तिथेच पिकतं आणि आपणच पेरणी केल्यासारखं होतं. उपटलेली रोपं उघड्या कातळावर मुळं वर करून पसरावीत. जमिनीत पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं, म्हणून पहिल्या वर्षी एक एकर निवडा आणि तोच एकर चार वर्षं धरून ठेवा. दरवर्षी नवी जागा घेणारे गट कुठलीच जागा साफ करत नाहीत. रानतुळस आणि गाजर गवत यांचंही तसंच. गाजर गवताला मात्र हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, त्वचेला त्रास होतो. कामाच्या शेवटी सगळ्यांनी टेकडीवरच मोजे, बुटांच्या नाड्या आणि पँटच्या कडा झटकाव्यात. अर्ध्या बिया तिथून पुढे जातात.

घाणेरी उपटून निघत नाही आणि वरून छाटली तर दुप्पट फुटते. तिचं खोड जमिनीत जिथे मुळाला मिळतं त्याच्या तीन-चार सेंटिमीटर खाली कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा मुळं धरत नाहीत. एका पट्ट्यातली सगळी घाणेरी एका मोसमात काढू नका. तित्तर, मुंगूस, छोटे पक्षी तिचा आडोसा घेतात. निम्मी या वर्षी, निम्मी गवत परतल्यावर. आणखी एक : उपटण्याआधी त्या जागेची देशी रोपं ओळखता येणारा एक माणूस सोबत हवाच. उत्साहात कॉसमॉसबरोबर शेजारची खर्चुडी गेली, तर ती कुठल्या नर्सरीतून आणता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये, गवताचं बी पडून गेलं की जाळरेषा. वाटांच्या दोन्ही कडांना आणि वस्तीच्या बाजूला तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा, वनखात्याच्या आखणीप्रमाणे. कापलेलं गवत तिथेच टाकलं तर पट्ट्याचा उपयोग शून्य, ते उचलून न्यावं लागतं. आग लागते ती बहुतेक वेळा माणसामुळे : विझवलेली नसलेली सिगारेट, पायथ्याशी पेटवलेला कचरा, मुद्दाम लावलेली काडी. गवताचे बुंधे वणव्यानंतर पुन्हा फुटतात, पण दोन-तीन वर्षांची झाडोऱ्याची पिढी आणि जमिनीवरची घरटी जळून जातात. दरवर्षी वणवा म्हणजे दरवर्षी नवी झाडं शून्यावर. आग दिसली तर आधी १०१ आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन, जागेची खूण स्पष्ट सांगून. उतारावर आग वर चढताना सर्वांत वेगानं धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही. जळून काळ्या झालेल्या बाजूनं यायचं, दोन्ही बगलांवरून ओल्या फांद्यांनी दाबत पुढे सरकायचं. मारायचं नाही, दाबायचं. जोरात मारलं की ठिणग्या उडतात. अंगात सुती कपडे, पायात बूट, आणि एकट्यानं कधीच नाही.

जानेवारीनंतर ओघळी. पाण्यानं कापलेल्या घळीत सैल दगडांचे छोटे बांध घालता येतात. पायासाठी वीतभर खोदून मोठे दगड आधी, उंची गुडघ्याच्या थोडी वर, मधला भाग कडांपेक्षा खोलगट. मध्य सपाट किंवा उंच ठेवला तर पाणी बांधाच्या कडेनं फिरून काठच कापतं आणि घळ रुंदावते, ही नेहमीची चूक. दगड ओघळीतलेच घ्यायचे. उतारावरचे दगड उचलू नयेत, त्यांच्याखाली ओल टिकते आणि पाली, विंचू, फुरसं राहतात. दगड हातानं नव्हे, आधी पहारीनं उलटावा. आणि सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर? गवताळ उतारावर मला ते मान्य नाहीत. चर खोदला की वीतभर माती खाली आणि मुरूम वर येतो, आणि त्या मोकळ्या मुरमावर पुढच्याच पावसात कॉसमॉस उभा राहतो. आधीच नासलेल्या, धुपलेल्या जागी वनखात्यानं ठरवलं तर गोष्ट वेगळी.

उरलेल्या रविवारी चोरवाटा बंद करता येतील. दोन वळणांमधला आडवा शॉर्टकट पावसात ओढा होतो. त्याच्या दोन्ही तोंडांशी वाळक्या काटेरी फांद्या टाकल्या की लोक मूळ वाटेनं जाऊ लागतात. मोरांसाठी धान्य आणि प्लास्टिकच्या टबातलं पाणी ठेवू नये. त्यानं भटकी कुत्री वर येतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा त्यात पहिला बळी जातो.

राहिली तुम्ही लावलेली दोनशे रोपं. माझा लेख वाचून त्यांचं पाणी यंदा तोडू नका. तीन उन्हाळे काढलेल्या रोपांना आता पाण्याची सवय सोडवायची : आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, पण एका वेळी भरपूर, म्हणजे मूळ खाली जाईल. रोज थोडं दिलं तर मुळं वरच राहतात. एक-दोन वर्षांच्या रोपांना या उन्हाळ्यात पूर्वीइतकंच पाणी चालू ठेवा. आळ्यात वाळलेल्या गवताचं चार बोटं आच्छादन घाला, खोडापासून वीतभर सोडून, नाहीतर वाळवी खोडाला लागते. जाळरेषेच्या जवळच्या रोपांना आच्छादनाऐवजी दगड मांडा. जी मेली त्या खड्ड्यांत नवं रोप लावू नका. बाजूला पडलेली माती परत भरा, वर आसपासचं बी धरलेलं कुसळी-शेड्याचं गवत पसरा आणि तो खड्डा गवताला देऊन टाका.